पदराखालचा हेडफोन

सानगडीत लक्ष्मणरावांची चक्की कुठे आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. बाजाराच्या वाटेला लागलं की चक्कीची घरघर ऐकू येते, आणि त्या घरघरीच्या मागे गेलं की तिच्याही वरचढ आवाजात बोलणारे लक्ष्मणराव भेटतात. दळण घेऊन आलेल्या प्रत्येक माणसाला ते एक गोष्ट सांगतात. दळण संपतं, पीठ निवतं, माणूस डबा डोक्यावर घेऊन निघतो, तरी गोष्टीतला वाघ अजून तलावाच्या पाळीवरच उभा असतो. पुढचं ऐकायचं असेल तर पुढच्या दळणाला यायचं.

गोष्ट म्हटली की हुंकारी आलीच. सांगणाऱ्याने सांगायचं आणि ऐकणाऱ्याने वाक्यावाक्याला ‘हूं’ म्हणत राहायचं, अशी झाडीपट्टीतली रीत आहे. ‘हूं’ थांबलं की सांगणारा समजतो, समोरचा कंटाळला, आणि गोष्ट तिथेच गुंडाळतो. लक्ष्मणरावांची गोष्ट मात्र लग्न झाल्यापासून कधी गुंडाळली गेली नव्हती, कारण त्यांच्या शेजारी सुशीलाबाई होत्या. दळण मोजता मोजता, चाळता चाळता त्या हुंकारी देत. अचंब्याचं ‘हूं’ वेगळं, काळजीचं वेगळं, ‘असं होय?’ असं विचारणारं तिसरंच. बाई अशी हुंकारी देते म्हणून तर बुवा एवढा बोलतो, असं गावातले लोक म्हणत. ते काही खोटं नव्हतं.

सुशीलाबाईंचा जीव मात्र गोष्टीत नव्हता, गाण्यात होता. मारुतीच्या देवळातल्या बायकांच्या भजनी मंडळात त्या मागच्या रांगेत बसत आणि झील धरत, म्हणजे पुढचीने सोडलेलं धृपद मागून उचलून धरत. पुढे बसून गाणाऱ्या होत्या आनंदाबाई. दिवाळीनंतर गावाची मंडई, म्हणजे जत्रा, भरते, पाहुणेरावळे येतात, घरोघरी वडे तळले जातात, आणि मंडईची संध्याकाळ आनंदाबाईंच्या गवळणीनेच उघडते असा शिरस्ता. यंदा पावसाळ्यात आनंदाबाई मुलाकडे रायपूरला राहायला गेल्या. जाताना सुशीलाबाईंच्या फोनमध्ये त्यांनी एक नवी गवळण गाऊन ठेवली. “कोणी पुढं येईन त तिले दे,” असं म्हणाल्या आणि एसटीत बसल्या.

पुढे कुणी आलं नाही. मंडळातल्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे पाहत बसल्या. आणि एके दिवशी मिरची कांडता कांडता सुशीलाबाईंच्या मनात आलं, मीच का नाही? मनात आलं तशा त्या स्वतःवरच लाजल्या. पण विचार काही जाईना. मंडईत पुढच्या रांगेत बसून गवळण आपण म्हणायची, एवढं एकच वेड त्यांना लागलं. हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. जमलं नाही तर गाव वर्षभर हसलं असतं.

गाणं शिकायचं तर ऐकायला हवं. ऐकायचं कुठे? घरात दिवसभर चक्की, संध्याकाळी दळणाच्या बायका, त्यानंतर लक्ष्मणराव. चक्की बंद असायची फक्त सोमवारी, आणि सोमवारी दोघं साकोलीवरून तुमसरची एसटी धरत. त्यांची मुलगी रुचिका तिकडे दिलेली, तिला उन्हाळ्यात मुलगी झालेली. नातीला तेल लावून न्हाऊ घालायला आजी जाई, आणि आजीशिवाय एक दिवसही करमत नाही म्हणून आजोबा जात. साकोलीपासून लाखनी, भंडारा, मोहाडी अशी सगळी वाट एसटीची खिडकी खडखडत असे आणि लक्ष्मणराव सांगत असत. एकदा सुशीलाबाईंनी फोन हळूच कानाशी नेला तर खडखडाटात आनंदाबाईंचा आवाज किडा गुणगुणल्यासारखा आला.

“कोणाचा फोन?” लक्ष्मणरावांनी विचारलं.

“कोणाचाच नाई. वेळ पाहून राहिली.”

“हां, त मी काय सांगत होतो...”

शेवटी नातीच्या पाठीला तेल चोळता चोळता सुशीलाबाईंनी रुचिकाला सगळं सांगून टाकलं. रुचिका पोटभर हसली, मग आईच्या गळ्यात पडली. “आई, एवढंच ना? चाल. बाबा पोरीले पाहतात.”

पोरीला पाहणं म्हणजे काय, तर तिला मांडीवर घेऊन वाघाची गोष्ट सुरू करणं. मायलेकी चपला घालून निघाल्या तेव्हा आजोबा त्या तीन-चार महिन्यांच्या जिवाला सांगत होते, “असं नुसतं पाहाचं नाई बाई, ‘हूं’ म्हणाचं.”

तुमसर म्हणजे तांदळाच्या मिलांचं गाव. मिलवाल्यांच्या पोरांना भारीतल्या वस्तूंचा नाद असतो, म्हणून भुपेंद्र नावाच्या पोराच्या मोबाइलच्या दुकानात काचेच्या कपाटात असे हेडफोन मांडलेले होते की सुशीलाबाईंना ते आधी कुणाच्या दाढेच्या दुखण्यावर बांधायचे पट्टेच वाटले. भुपेंद्रने खुर्ची पुढे केली आणि बॅटरी किती चालते, आवाज किती उंच जातो, बाहेरचा गोंगाट कसा गिळला जातो, हे सगळं एका दमात सांगितलं. सुशीलाबाईंनी सवयीने हुंकारी दिली. त्यातलं त्यांना काहीही कळलं नव्हतं.

पहिला आला तो शेंगदाण्याएवढा. कानात घालायचा.

“हा नको रे बाप्पा. पिठाच्या डब्यात पडला त कोणाच्या भाकरीत निघन.”

दुसरा सगळ्यांत मोठा आणि भुपेंद्रच्या मते दुकानातला राजा. तो कानावर ठेवताच सुशीलाबाई दचकून मागे सरल्या. “याच्यात त ढोलकीच ढोलकी आहे. आनंदाबाई कुठं गेली?”

“काकू, पोराइले असाच लागते. धमधम.”

“मले धमधम नाई पाहिजे. आनंदाबाई दम कुठं घेते ते ऐकाचं आहे मले.”

तिसऱ्यातून आवाज गोड येत होता, पण त्याची वरची पट्टी नेमकी अंबाड्यावर येऊन बसे आणि पदर घेतला की डोक्यावर गाठोडं ठेवल्यासारखं दिसे. पदर तर घ्यायलाच हवा. एसटीत साकोलीपासून अर्धं गाव असतं, त्यात दोन-चार तरी सासऱ्याच्या नात्यातले. रुचिका म्हणाली, “आई, अंबाडा खाली बांध ना थोडा.” आई म्हणाली, “लग्नापासून जिथं बांधते तिथंच बांधीन. यंत्रानं माह्यासाठी सरकाचं.” भुपेंद्र पुन्हा कपाटात शिरला.

चौथा काळा, हलका, पट्टी बारीक. ती कपाळाच्या थोडी मागे, अंबाड्याच्या पुढे बरोबर बसली. गाद्या अशा मऊ की कानातल्या कुड्या रुतल्या नाहीत. सुशीलाबाईंनी वरून पदर घेतला, आरशात पाहिलं, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, खाली वाकून दळणाचा डबा उचलल्यासारखं करून पाहिलं. पडला नाही. दिसलाही नाही.

“पण इथं शांत आहे,” त्या म्हणाल्या. “एसटीत काय होईन?”

भुपेंद्र हुशार पोरगा. त्याने दुकानामागचा जनरेटर चालू केला आणि दार सताड उघडं टाकलं. शेजारचा चहावाला कानावर हात ठेवून शिव्या देऊ लागला. जनरेटरजवळ स्टुलावर सुशीलाबाई पदर घेऊन, डोळे मिटून बसल्या. आधी धडधड जाणवत होती. मग भुपेंद्रने एक बटण दाबलं आणि धडधड दूर, पार वैनगंगेच्या पलीकडे गेल्यासारखी झाली. आणि मग कानाशी, अगदी शेजारी येऊन बसल्यासारख्या, आनंदाबाई. अंतरा उचलण्याआधी त्यांनी घेतलेला लांब श्वाससुद्धा ऐकू आला. सुशीलाबाईंच्या अंगावर सरसरून काटा आला. गाणं आजवर त्यांनी भाकरी थापताना, दळण चाळताना, तुकड्यातुकड्यांनीच ऐकलं होतं. अख्खं गाणं असं असतं हे त्यांना त्या दिवशी जनरेटरपाशी कळलं.

“ऐकू येऊन राहिलं वो!” त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की रस्त्यावरचा सायकलवाला थांबला.

किंमत कानावर पडली असती तर त्यांनी तो तिथल्या तिथे काढून ठेवला असता. म्हणूनच रुचिकाने आई अंतऱ्यात असतानाच पैसे देऊन टाकले.

“बाबाले सांगू?” परतताना तिने विचारलं.

“खबरदार. तुह्या बाबाले सांगणं म्हंजे सानगडीत दवंडी देणं आहे.”

त्या सोमवारपासून सुशीलाबाईंचा प्रवास बदलला. एसटीत बसायच्या आधी स्टँडवर आडोशाला जाऊन हेडफोन डोक्यावर, त्यावर पदर, फोन पिशवीत. लक्ष्मणराव बोलताना खिडकीबाहेर पाहत बोलतात, ऐकणाऱ्याकडे फारसं पाहत नाहीत, ही गोष्ट पथ्यावर पडली. एकदाच त्यांनी वळून विचारलं, “डोस्कं काहून फुगल्यासारखं दिसून राहिलं?” नेमका तो प्रश्न गवळण संपून पुन्हा सुरू होण्याच्या मधल्या शांततेत आल्यामुळे ऐकू आला. “नहाली आज. केस ओले आहेत,” सुशीलाबाईंनी सांगून टाकलं. बाहेर धान पोटरीत आलेलं, तलाव तुडुंब, आणि कानात गवळण पुन्हा पुन्हा मथुरेच्या वाटेला लागलेली. तोंडाने हुंकारी चालूच होती. लक्ष्मणरावांचे ओठ थांबले की ‘हूं’, भुवई वर गेली की अचंब्याचं ‘हूं’. एवढ्या वर्षांच्या सरावाने त्यांना त्यासाठी ऐकायची गरजच उरली नव्हती. भंडारा येईपर्यंत धृपद बसलं, मोहाडीपर्यंत अंतरा. त्या मनातल्या मनात इतक्या खुश असत की घरी गेल्यावर लक्ष्मणरावांना भाजीत दोन कांदे जास्त पडत.

दसऱ्याच्या पुढच्या सोमवारी मंडई समितीचे अध्यक्ष भैय्याजी त्याच एसटीत पुढच्या सीटवर होते. लक्ष्मणराव आणि ते बराच वेळ बोलले. मध्येच दोघांनी सुशीलाबाईंकडे पाहिलं. लक्ष्मणरावांच्या भुवया प्रश्नार्थक झाल्या. आनंदाबाई नेमक्या अंतऱ्यातल्या एका अवघड हरकतीवर होत्या. सुशीलाबाईंनी ‘हूं’ केलं. भैय्याजींनी काहीतरी विचारलं, तर त्यांनाही एक मान डोलावून ‘हूं’ दिलं आणि हरकत पकडली.

दोन दिवसांनी मंडळातल्या कुंताबाई तांदूळ घेऊन चक्कीवर आल्या आणि डबा आपटूनच ठेवला. “काहून वो सुशीलाबाई, आमाले एका शब्दानं विचाराव त! मंडईची संध्याकाळ पवनीच्या मंडळाले देऊन टाकली म्हणते.”

“कोणं दिली?”

“कोणं म्हंजे? तुमीच. भैय्याजीनं एसटीत तुमाले विचारलं, आपल्या मंडळात आता म्हणणारं कोणी नाई ना, त पवनीवाल्याइले बोलावू का? तुमी म्हणलं, हूं. एकदा नाई, दोनदा. या सोमवारी जाऊन रायले ते सुपारी द्याले.”

सुशीलाबाईंच्या हातातलं माप खाली पडलं. ज्या गाण्यासाठी एवढी लपवाछपवी केली ते आपल्याच तोंडाने आपण दुसऱ्याला देऊन बसलो होतो. मी ऐकलं नव्हतं, एवढं सांगितलं की काम झालं असतं. पण ते सांगायचं म्हणजे आधी लक्ष्मणरावांना सांगायचं. कुंताबाई गेल्या. मग सुशीलाबाईंनी भर दळणात चक्कीचं बटण बंद केलं.

“काय झालं?” लक्ष्मणराव ओरडले. चक्की बंद असतानाही त्यांना ओरडायचीच सवय.

“भैय्याजीनं विचारलं ते मी ऐकलंच नाई. माह्या कानाले हे होतं.” त्यांनी पिशवीतून हेडफोन काढून बाकावर ठेवला आणि गवळणीचं, मंडईचं, सगळं सांगितलं.

लक्ष्मणरावांनी हेडफोनकडे पाहिलं, हात लावला नाही. “म्हंजे त्या दिवशीची रामटेकच्या वरातीची गोष्ट?”

“नाई ऐकली.”

“अन् त्याच्या आधीची? अस्वलाची?”

“नाई.”

“मंग हुंकारी कायले देत होती?”

“नसती दिली त तुमी थांबले असते,” सुशीलाबाई म्हणाल्या. “तुमी थांबलेले मले पाहवत नाई.”

लक्ष्मणरावांनी चक्की चालू केली आणि पाठ फिरवली. त्या दिवशी गावाने पहिल्यांदा नुसती चक्की ऐकली. दळणाला आलेले लोक एकमेकांना खुणेने विचारू लागले, बुवाचा घसा बसला का?

भैय्याजींच्या दारात जायचा धीर सुशीलाबाईंना झाला नाही, तोवर सोमवार आला. दोघं साकोलीला एसटीत बसले. अर्ध्या तिकिटामुळे गाडी बायकांनी भरलेली, भैय्याजी पुढच्या सीटवर, मांडीवर नारळ-सुपारीची पिशवी. भंडाऱ्याला उतरून ते पवनीची गाडी धरणार होते. लक्ष्मणराव खिडकीबाहेर पाहत होते आणि एक शब्द बोलत नव्हते. हेडफोन सुशीलाबाईंच्या मांडीवर उघडा पडलेला. आता कानाला लावायला आडकाठी नव्हती, पण लावावासा वाटेना. कंडक्टरने तिकीट देताना काळजीने विचारलं, “काका, बरं नाई वाटत का?” लाखनी मागे पडली, गडेगाव मागे पडलं. भंडारा जवळ येऊ लागलं तसा सुशीलाबाईंनी हेडफोन पिशवीत ठेवला. आता नाही तर कधीच नाही. त्या सीटची दांडी धरून उभ्या राहिल्या.

“भैय्याजी, मी त्या दिवशी ‘हूं’ म्हणलं ते न ऐकताच म्हणलं. पवनीले जाऊ नका. गवळण मी म्हणीन.”

भैय्याजी वळले. “वहिनी, तुमी? तुमी त मांगच्या रांगेत...”

“ऐकून त घ्या.”

आणि चालत्या एसटीत सुशीलाबाईंनी गवळण उचलली. सुरुवातीला आवाज खिडक्यांच्या खडखडाटात बुडाला. त्यांनी डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि धृपद पुन्हा म्हटलं. या खेपेला मागच्या बाकापर्यंत गेलं. गवळण दही घेऊन निघाली, वाटेत तो आडवा आला, तिने त्याला झापलं. बायका हसू लागल्या, टाळ्यांचा ठेका धरू लागल्या. अंतरा झाला, आणि सुशीलाबाईंच्या लक्षात आलं की आता धृपदावर परत यायचं तर झील धरणारं कुणीतरी लागतं. आजवर ती झील त्या स्वतःच धरत आल्या होत्या. क्षणभर त्या अडखळल्या.

तेवढ्यात शेजारून भसाड्या, बेसूर, चक्कीला भारी पडणाऱ्या आवाजात धृपद आलं. लक्ष्मणराव उभे राहिले होते. सूर कुठल्या कुठे, पण शब्द एकही चुकला नाही. पाठोपाठ अख्खी एसटी गाऊ लागली. ड्रायव्हरने गाडी हळू केली.

“तुमाले कसं येते हे?” गाणं संपल्यावर सुशीलाबाईंनी दम खात विचारलं.

“झोपेत म्हणते तू,” लक्ष्मणराव म्हणाले. “महिना झाला ऐकून राहिलो. मले वाटलं, सांगशीन कधीतरी.”

सुशीलाबाईंना हसावं की रडावं कळेना. दोन्ही आलं. भैय्याजींनी पिशवीतून पवनीसाठी घेतलेला नारळ आणि सुपारी काढली. “पसरा पदर, वहिनी,” ते म्हणाले, आणि भंडाऱ्याच्या अलीकडेच सानगडीच्या मंडईची सुपारी सुशीलाबाईंच्या ओटीत पडली.

मंडईच्या संध्याकाळी त्या पुढच्या रांगेत बसल्या आणि गायल्या. रुचिका बाळ घेऊन आली होती. दोन ठिकाणी चुकल्या, ते त्यांच्याशिवाय कुणालाच कळलं नाही. रायपूरला आनंदाबाईंना फोनवर ऐकवलं तर त्यांनी पुढची गवळण गाऊन पाठवली.

तेव्हापासून सोमवारच्या वाटेची वाटणी झाली आहे. साकोली ते भंडारा लक्ष्मणरावांच्या गोष्टी, आणि सुशीलाबाई त्या खरोखर ऐकतात. अस्वलाची गोष्ट त्यांना एवढी आवडली की त्यांनी ती दोनदा सांगायला लावली. भंडारा स्टँड आलं की लक्ष्मणराव स्वतःच पिशवीतून हेडफोन काढून बायकोच्या हातात देतात. मग मोहाडीच्या पुढे कुणी नवखा प्रवासी मोठ्याने बोलू लागला, फोनवर खेकसू लागला, की एसटीतला सगळ्यांत बोलघेवडा माणूस ओठावर बोट ठेवून त्याच्याकडे वळतो.

“जरा हळू, भाऊ. आमच्या घरचं गाणं चालू आहे.”